वळचणीचे लाकूड

छपराचा जो भाग भिंतीच्या बाहेर झेपावतो आणि पावसाचे पाणी भिंतीपासून दूर नेऊन टाकतो, त्याला वळचण म्हणतात, आणि जिथे वर्षाचा बहुतेक सगळा पाऊस, तोही तीन हजार मिलिमीटरहून अधिक, जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो, तिथे घराचे आयुष्य या दोन-अडीच हातांच्या झेपेवर अवलंबून असते. रायगड जिल्ह्याच्या पोलादपूर तालुक्यातले कुडपण हे अशा मुलखाच्या वरच्या कडेला, सह्याद्रीच्या मुख्य रांगेला टेकून वसलेले गाव आहे. भीमाची काठी या सुळक्यामुळे आणि पावसाळी धबधब्यामुळे ते अलीकडे पर्यटकांना ठाऊक झाले आहे. मात्र धबधब्याला जो पाऊस लागतो तोच तिथल्या घरांच्या वाशांनाही झेलावा लागतो, याची दखल येणारे-जाणारे क्वचितच घेतात. शेजारच्या महाबळेश्वरला २३ जुलै २०२१च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, आणि त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातल्या केवनाळे आणि साखर येथील सुतारवाडीवर दरडी आल्या. डोंगरच खाली येतो तेव्हा वळचणीचा प्रश्नच उरत नाही. परंतु जी घरे उभी राहतात त्यांच्यावर पाऊस सावकाश काम करतो, आणि ते काम जवळजवळ नेहमी वाशाच्या टोकापासून सुरू होते.

उतरत्या छपराची इथली रचना अशी. घराच्या लांबीभर सर्वांत उंचावर जाणारे आडवे लाकूड म्हणजे आढे. भिंतींच्या माथ्यावर आडवे बसवलेले लाकूड म्हणजे तुळवट. आढ्यावरून निघून तुळवटावर टेकत बाहेर उतरणारी तिरपी लाकडे म्हणजे वासे. वाशांवर आडव्या ठोकलेल्या पट्ट्या म्हणजे रीपा, आणि त्यांच्यावर कौले. पूर्वीची कौले कुंभाराने चाकावर घडवलेली, अर्धगोल नळीची असत आणि ती नुसती एकावर एक रचलेली असल्यामुळे वाऱ्याने, मांजरांनी आणि विशेषतः वानरांनी सरकत. मंगलोरला बासेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढल्यानंतर हळूहळू पश्चिम किनाऱ्यावर पसरलेले चपटे मंगलोरी कौल मागच्या बाजूच्या खाचेने रीपेला अडकते, त्यामुळे ते कमी सरकते. मात्र ते दोन-अडीच किलोंचे असते, चौरस मीटरला पंधराच्या आसपास लागते, आणि पाऊस लागला की पाणी पिऊन आणखी जड होते. छपरावरचा भार अशा रीतीने नेमका त्याच महिन्यांत वाढतो ज्या महिन्यांत खालचे लाकूड सर्वाधिक ओले असते.

लाकूड कुजते ते पाण्यामुळे, असे सर्रास बोलले जाते, आणि ते अर्धेच खरे आहे. पाण्यात पूर्ण बुडालेले लाकूड शेकडो वर्षे टिकू शकते, आणि कोरडे लाकूडही टिकते. कुजते ते या दोहोंच्या मध्ये, हवा आणि ओल दोन्ही मिळणारे लाकूड, कारण कुजवण्याचे काम बुरशीचे असते आणि बुरशीला श्वासही लागतो व पाणीही. लाकडातली ओल त्याच्या कोरड्या वजनाच्या टक्केवारीत मोजतात. ती वीस टक्क्यांच्या खाली असेल तर बुरशी वाढत नाही, आणि तिसाच्या आसपास, म्हणजे लाकडाचे तंतू पाण्याने पुरते तृप्त झाले की, तिला रान मोकळे होते. आता हवेतली सापेक्ष आर्द्रता नव्वद टक्के असेल तर छपराखाली, थेंबही न लागता ठेवलेले लाकूड केवळ हवेतून ओल घेत विसाच्या जवळ जाऊन पोहोचते. सह्याद्रीच्या उतारावरचा श्रावण म्हणजे हीच हवा. याचा अर्थ असा की कुडपणसारख्या गावात पावसाळ्यातले सुरक्षित लाकूडही धोक्याच्या रेषेपासून बोटभरच दूर असते, एखादे फुटके कौल ते अंतर संपवायला पुरते, आणि छपराला वाचवणारा खरा काळ पावसाळा नसून फाल्गुन ते वैशाख हा कडक उन्हाचा काळ असतो, ज्यात लाकूड आपली सगळी ओल हवेला परत देते.

पाणी लाकडात कुठून शिरते याचा विचार केला की वळचणीचे दुर्दैव कळते. झाडाच्या खोडात मुळांकडून वर पाणी नेणाऱ्या सूक्ष्म नळ्या असतात. झाड तोडले, वासा घडवला, तरी त्या नळ्या तशाच राहतात. वाशाच्या अंगावर पडलेले पाणी बरेचसे ओघळून जाते, पण त्याच्या कापलेल्या टोकाशी नळ्यांची तोंडे उघडी असल्यामुळे तिथून ते कित्येक पटींनी वेगाने आत ओढले जाते, आणि केशाकर्षणामुळे, म्हणजे बारीक नळीत द्रव आपोआप वर चढण्याच्या गुणामुळे, उताराच्या उलट दिशेनेही सरकते. वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही, अशी म्हण मराठीत अशक्य गोष्टीसाठी वापरली जाते आणि कौलांच्या वरून पाहता ती खरीच आहे. वाशाच्या पोटात मात्र ती तितकीशी खरी नसते. कौलाच्या शेवटच्या ओळीवरून निथळणाऱ्या पागोळ्या, अंगणातून उडणारे शिंतोडे आणि वाऱ्याबरोबर आडवी येणारी झड या तिन्हींचा मारा वाशाच्या याच उघड्या टोकावर होतो.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. हा मारा चुकवता येत नाही, हे घर बांधणाऱ्यांना ठाऊक होते, आणि म्हणूनच त्यांनी तो घराच्या गाभ्यापासून लांब नेऊन ठेवला. आढे, खांब, तुळवट यांना हात लावायचा तर निम्मे घर उतरवावे लागते. वाशाचे टोक मात्र चार ओळी कौले काढून, शिडीवर उभे राहून कापता येते. वळचण हा अशा रीतीने घराचा कुजण्यासाठीच नेमलेला भाग आहे. तो कुजला म्हणजे घर बिघडले असे नव्हे. तो कुजूनही तसाच ठेवला, तर मात्र बिघाड वाशाच्या अंगाने तुळवटापर्यंत पोहोचतो, आणि तुळवट गेले की मातीच्या भिंतीचा माथा उघडा पडतो. ज्या घराचे आढे सर्वांत जुने, त्याची वळचण बहुधा सर्वांत नवी असते, आणि जुन्या घराचे वय सांगताना हा फरक क्वचितच कोणी बोलून दाखवतो.

कुजण्याचेही प्रकार आहेत आणि दुरुस्ती करणाऱ्याला ते ओळखावे लागतात. तपकिरी कुजीत बुरशी लाकडातले सेल्युलोज, म्हणजे त्याला ताण सोसण्याचे बळ देणारा धाग्यांसारखा घटक, खाऊन टाकते. उरलेले लाकूड गडद होते, आडव्याउभ्या भेगा पडून त्याचे चौकोनी तुकडे होतात आणि बोटाने चुरले तर भुगा होतो. हा प्रकार फसवा आहे, कारण वजन फारसे घटण्याआधीच लाकडाचे बळ निम्म्याहून अधिक गेलेले असू शकते आणि वासा बाहेरून धडधाकट दिसतो. पांढऱ्या कुजीत बुरशी तंतूंना बांधून ठेवणारे लिग्निनही खाते, मग लाकूड फिकट, मऊ आणि धागेदार होते. युरोपातल्या घरांचा कर्दनकाळ ठरलेली जी बुरशी विटांच्या भिंतींवरूनही पसरते, तिचे रानातले आप्त हिमालयात सापडले आहेत. पण ती थंड हवेची असल्यामुळे कोकणच्या उष्ण छपरांत तिचा उपद्रव नाही, आणि ही त्यातल्या त्यात एक सुटका आहे. तिची उणीव वाळवी भरून काढते. ती जमिनीतून मातीच्या नळ्या बांधत भिंतीवरून चढते आणि ओलसर, बुरशीने आधीच मऊ केलेले लाकूड तिला अधिक सोयीचे पडते. भुंगेऱ्यांच्या अळ्यांना लाकडातली पिष्टे हवी असतात, म्हणून त्यांचा रोख खोडाच्या बाहेरच्या फिकट थरावर, म्हणजे रसकाष्ठावर असतो, आतल्या गडद मध्यकाष्ठावर नसतो. कळकाचे वासे आणि रीपा वापरण्यापूर्वी काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवण्याची रीत याच कारणाने फळ देते, कारण पाण्यात ती पिष्टे बरीचशी निघून जातात.

या सगळ्याविरुद्ध घराकडे जो उपाय रोज होता, त्याला कोणी उपाय म्हणत नसे. चुलीचा धूर माळ्यातून वर जाई, कौलांच्या फटींतून बाहेर पडे, आणि जाताना वाशांवर काजळीचा काळा, चिकट थर ठेवून जाई. त्या थरात बुरशीला आणि किड्यांना न मानवणारी द्रव्ये असतात, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे चुलीची ऊब भर पावसातही छपराची हवा कोरडी ठेवते. जुन्या घरांत स्वयंपाकघरावरचे वासे ओटीवरच्या वाशांपेक्षा अधिक टिकलेले आढळतात ते यामुळे. याच धुराने पिढ्यानपिढ्या बायकांचे डोळे आणि फुप्फुसे पोखरली, हे विसरून त्याचे गुणगान करणे अप्रामाणिकपणाचे होईल. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने किंवा त्याआधी आलेल्या सिलिंडरने चूल मागे सारली, हे चांगलेच झाले. फक्त वाशांच्या बाजूने हिशेब मांडला, तर त्यांचा एक राखणदार गेला, आणि त्याच्या जागी दुसरा नेमायला हवा होता तो नेमला गेला नाही.

धुराखेरीज घराचा आणखी एक राखणदार होता, तो म्हणजे शाकारणी. उन्हाळ्याच्या शेवटी कौले उतरवून, झाडून, फुटकी बदलून पुन्हा रचण्याच्या, आणि त्याआधीच्या काळात पेंढा नव्याने घालण्याच्या, वार्षिक कामाला शाकारणी म्हणतात. तिचा हेतू गळती थांबवणे हा सांगितला जातो, पण तिचा अधिक मोलाचा लाभ असा की वर्षातून एकदा प्रत्येक वाशाला ऊन आणि माणसाची नजर लागते. साठलेली पाने, उंदरांची घरटी, कौलांखालची माती हे सारे ओल धरून ठेवणारे पदार्थ निघून जातात, आणि एखादा वासा टोकाशी मऊ झाला असेल तर तो कुजीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातच हाताला लागतो.

दुरुस्तीची सुरुवात पाहण्याने होत नाही, ऐकण्याने आणि टोचण्याने होते. हातोडीच्या दांड्याने वासा ठोकत गेले की निकोप लाकूड खणखणीत बोलते आणि कुजलेल्याचा आवाज बसका येतो. शंका आली की तिथे दाभण टोचायचे, ते अडले तर ठीक, लोण्यात जावे तसे गेले तर तिथून पुढे कापायचे. कुठवर कापायचे, हाच सुताराच्या अनुभवाचा भाग आहे. बुरशीचे तंतू डोळ्यांना दिसणाऱ्या कुजीच्या पुढे सरकलेले असतात आणि लाकूड सुकले म्हणून ते मरत नाहीत, केवळ थांबतात, त्यामुळे दिसणाऱ्या सीमेच्या वीतभर आत, निकोप लाकडात करवत चालवावी लागते. नुसते रंग, डांबर किंवा लांबी भरून टोक झाकण्याचा जो मोह होतो, तो सर्वांत महागात पडतो, कारण आत राहिलेल्या ओलीची बाहेर पडण्याची वाट त्याने बंद होते आणि कूज झाकणाखाली निवांत चालू राहते.

कापलेल्या वाशाला नवे टोक दोन रीतींनी देता येते. पहिलीत जुन्या आणि नव्या लाकडाला लांब तिरका छेद देऊन ती एकमेकांवर बसवतात. हा सांधा शक्य तो तुळवटाच्या वर यावा लागतो, म्हणजे त्याला खालून टेकू मिळतो, आणि सांध्याची फट अशा बाजूने ठेवावी लागते की ओघळ तिच्यात शिरण्याऐवजी तिच्यावरून निघून जाईल. दुसरीत जुन्या वाशाच्या कुशीला नवा वासा लावतात, त्याला जोडवासा म्हणता येईल. ही रीत दिसायला बेंगरूळ पण अधिक भरवशाची आहे, फक्त तिच्यात एक नियम पाळावा लागतो: जोडवासा भिंतीबाहेर जितका झेपावतो त्याच्या किमान दुप्पट लांबीने आत गेला पाहिजे. बाहेरच्या टोकावर कौलांचा भार आला की तुळवट हा तराजूच्या काट्यासारखा मधला आधार होतो आणि जोडवाशाचे आतले टोक वर उचलले जाऊ पाहते. आतली लांबी अपुरी असेल तर खिळे उपटतात आणि वळचण झुकते. गावोगाव दिसणाऱ्या बऱ्याच वळचणींच्या वाकडेपणाचे मूळ कुजीत नसून अशा तोकड्या दुरुस्तीत असते.

खिळ्यांचाही प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. ऐनासारख्या लाकडात टॅनिन भरपूर असते, आणि ओलीत लोखंडाशी त्याचा संयोग झाला की खिळ्याभोवती निळसर काळा डाग पडतो, खिळा गंजतो आणि गंजाच्या संगतीने आजूबाजूचे लाकूडही ठिसूळ होते. जुन्या घरांतल्या लाकडी खुंट्या आणि सालींचे दोर हे लोखंड न परवडल्याचे लक्षण होते, पण त्यांच्यामुळे लाकडाला हा रोग झाला नाही. आज जस्ताचा मुलामा दिलेले खिळे आणि बोल्ट हा मधला मार्ग आहे. नव्या टोकाचा काप सरळ न ठेवता किंचित खाली-आत झुकलेला घेतला तर थेंब कापाच्या तोंडावर रेंगाळत नाही, आणि बसवण्यापूर्वी ते टोक काजूच्या टरफलांच्या तेलात भिजवले तर नळ्यांची तोंडे बरीच मिटतात. हे तेल अंगाला लागले तर कातडी जाळते, आणि किड्यांनाही ते मानवत नाही.

अशा रीतीने टोके बदलत गेलेले छप्पर मूळचे राहते का, हा प्रश्न वास्तुसंवर्धनाच्या अभ्यासकांनी बराच चघळला आहे. विल्यम मॉरिसने १८७७ साली लंडनमध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली तेव्हा त्याचा रोख भव्य जीर्णोद्धाराच्या विरुद्ध आणि नित्याच्या किरकोळ डागडुजीच्या बाजूने होता. जपानमध्ये इसे येथील देवस्थान दर वीस वर्षांनी नव्या लाकडाने संपूर्ण उभारले जाते, २०१३ साली ते बासष्टाव्यांदा उभारले गेले, आणि त्याला कोणी नकली म्हणत नाही; १९९४च्या नारा येथील परिषदेने अस्सलपणा केवळ जुन्या द्रव्यात नसून कारागिरीत आणि परंपरेतही शोधावा, असे मान्य करण्यामागे अशाच लाकडी वास्तूंचा अनुभव होता. कुडपणच्या शेतकऱ्याला या वादाची गरज कधी पडली नाही. त्याच्या हिशेबी निघालेल्या वाशाचा निकोप भाग गोठ्याच्या छपराला जाई, त्याहून आखूड तुकडा रीप होई, आणि कुजका चुलीत जाई. लाकूड घरातून एकदम बाहेर पडत नसे, पायरीपायरीने खाली उतरत असे.

नवा वासा आणायचा कुठून, हा मात्र आता खरा अडसर आहे. साग, ऐन, किंजळ, जांभूळ, फणस, खैर ही छपराला चालणारी बहुतेक झाडे १९६४च्या महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन अधिनियमाच्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे स्वतःच्या बांधावरचे झाड तोडायलाही परवानगी लागते. सह्याद्रीचे उतार उघडे पडलेले पाहता कायद्याचा हेतू योग्यच म्हणावा लागेल. परंतु एका वाशासाठी तालुक्याला खेटे घालण्यापेक्षा वखारीतले मिळेल ते लाकूड घेणे सोपे पडते, आणि ते बहुधा कोवळ्या झाडाचे, रसकाष्ठच अधिक असलेले आणि पुरते न सुकलेले असते. शंभर वर्षांपूर्वीच्या ऐनाच्या वाशाला असे टोक जोडले की पाच-सात पावसाळ्यांत पुन्हा तेच काम निघते, आणि मग दोष सुताराला दिला जातो.

याहून मोठा अडसर माणसांचा. पोलादपूर आणि महाडचे डोंगराळ भाग गेली कित्येक दशके मुंबईला माणसे पुरवत आले आहेत, गिरण्यांच्या काळात पुरवत होते आणि १९८२च्या गिरणी संपानंतरही पुरवत राहिले. घर उघडते ते गणपतीला, शिमग्याला आणि जमल्यास मे महिन्यात. बाकीचे महिने कडी घातलेल्या घरात चूल नाही, खिडकी उघडी नाही, सरकलेले कौल सारखे करणारा हात नाही. आषाढात पडलेली गळती भाद्रपदात कळते, तोवर दोन महिने एकाच वाशावर धार लागलेली असते. घर झिजते ते वापराने, हा सर्वसाधारण समज इथे उलटा पडतो. राबत्या घराची वळचण कुजते आणि बदलली जाते. बंद घराचे आढे कुजते, आणि एक दिवस पाखे, म्हणजे छपराची उतरती बाजू, आत बसते.

म्हणून बंद घरांचे मालक कौले उतरवून पत्रे घालतात, आणि त्यांना नावे ठेवणे शहरात बसून सोपे आहे. पत्रा सरकत नाही, वानरांना दाद देत नाही, त्याला शाकारणी लागत नाही, भारही हलका. त्याचे दोष वेगळे आहेत. थंड रात्री त्याच्या खालच्या अंगाला दव धरते आणि ते नेमके वाशांवर ठिबकते, आणि कौलांच्या फटींतून जी हवा खेळत असे ती बंद होते. तिसरा दोष अधिक गंभीर आहे. कौल आपल्या वजनाने जागेवर राहते, पत्र्याला स्क्रूने धरून ठेवावे लागते, आणि वारा सर्वांत जोराने उचलतो ती छपराची कडा, म्हणजे वळचण. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले तेव्हा कौले तर उडालीच, पण पत्रेही कागदासारखे गेले. भार हलका झाला म्हणून आजारी वासे तसेच ठेवून त्यांच्यावर पत्रा टाकण्याची जी पद्धत पडली आहे, तिच्यात छपराची सर्वांत मोठी ओढ त्याच्या सर्वांत कुजक्या लाकडावर सोपवली जाते. पत्रा टाकण्याआधी प्रत्येक वाशाचे शेवटचे दोन हात दाभणाने तपासणे, कुजके तेवढे कापून जोडवासा लावणे आणि मगच स्क्रू आवळणे हे एका दिवसाचे जादा काम आहे. ते टळले की पहिल्याच मोठ्या वादळात पत्रा वाशाच्या भुग्यातून स्क्रूसकट उपटून जातो, आणि पंचनाम्यात कारण म्हणून वाऱ्याचे नाव लिहिले जाते.